वाचकांचे प्रश्न : कुत्र्याला फिट आली, आता कारण कुठं शोधायचं?

या महिन्यात कुत्र्यांच्या फिटवर इतकी पत्रं आली की गोचीड, केस गळणं, मांजर जेवत नाही वगैरे सगळे प्रश्न पुढच्या अंकात ढकलावे लागले. जवळपास प्रत्येकाने विचारलंय की गोळी कोणती द्यावी, आणि फार थोड्यांनी लिहिलंय की कुत्रा केवढा आहे, फिट कधी आली, त्याआधी त्याने काय खाल्लं होतं. मला मात्र गोळीच्या आधी हेच लागतं. ताप जसा स्वतः आजार नसतो तशीच फिट पण नसते. मेंदूतल्या पेशी एकदम, एकाच वेळी, ताळतंत्र सोडून वीज सोडायला लागल्या की अंग झटके देतं, एवढंच. त्या पेशी का बिथरल्या हे शोधायचं असतं. कधी बिघाड मेंदूतच असतो, कधी मेंदू ठणठणीत असतो पण रक्तातून त्याच्यापर्यंत विष पोचतं किंवा साखर-कॅल्शियम कमी पोचतं, आणि कधी सगळं तपासूनही काहीच सापडत नाही. शेवटच्या प्रकारालाच आपण खरी मिरगी म्हणतो.

प्रश्न : डॉक्टरसाहेब नमस्कार. आमचा ब्रूनो लॅब्राडोर आहे, साडेतीन वर्षाचा. दोन महिन्यात तिसऱ्यांदा फिट आली, तिन्ही वेळा पहाटे झोपेतच. एकदम ताठ होतो, मग चारही पाय मारतो, तोंडातून फेस, लघवी पण होऊन जाते. दीड-दोन मिनिटात थांबतं पण नंतर तासभर घरात गोल गोल फिरतो, भिंतीला धडकतो, ओळख देत नाही आणि मग अधाशासारखं खातो. दुपारपर्यंत बॉल घेऊन पळतो जसं काही झालंच नाही. रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. आजी म्हणते "त्याले बाहेरनं शे", शेजारचे अप्पा म्हणतात अमावास्येला येते बघा. खरं काय? — एक वाचक, अमळनेर

उत्तर : दादा, पत्र एकदम झकास लिहिलंय, अर्धं निदान तुम्हीच करून पाठवलंत. वय, झोपेतली वेळ, मिनिटं, नंतरचा गोंधळ आणि मधल्या काळात कुत्रा पूर्ण ठणठणीत, हे पाचही मुद्दे एकाच दिशेला बोट दाखवतात. सहा महिने ते सहा वर्षं या वयात पहिली फिट आली, दोन फिटच्या मधे कुत्रा शंभर टक्के नॉर्मल, रक्त-लघवी ठीक, डॉक्टरने डोळे-पाय-चाल तपासून मेंदूचं काही लक्षण काढलं नाही, तर ती बहुतेक वेळा आनुवंशिक मिरगी असते. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, बीगल या जातींमधे ती जास्त दिसते. जगभरातल्या प्राण्यांच्या मिरगीवर काम करणाऱ्या डॉक्टरांनी एकत्र बसून २०१५ साली व्याख्या आणि तपासणीचे नियम ठरवले, त्यातही मिरगी म्हणायचं तर बाहेरचं कुठलंही कारण नसताना किमान दोन फिट, आणि त्या चोवीस तासापेक्षा जास्त अंतराने, असंच धरलंय. म्हणजे एका फिटवर कुणी "याला मिरगी आहे, आयुष्यभर गोळी" असं म्हणालं तर जरा थांबा. पण तुमच्याकडे तीन झाल्यात.

आता अमावास्या. तीन फिटच्या तारखा कॅलेंडरवर लिहून बघा, अप्पांनाच लिहायला सांगा. आलेली फिट तेवढी लक्षात राहते आणि कोरडी गेलेली अमावास्या कुणी मोजत नाही हो. झोपेत किंवा आराम करताना येणं मात्र खरंच या आजाराचं वैशिष्ट्य आहे, म्हणून लोकांना ते रात्रीचं, बाहेरचं वगैरे वाटतं. आजीला रागवू नका, पण ताईत बांधून गोळी लांबवू पण नका.

फिटनंतर भिंतीला धडकणं, ओळख न देणं, भूक खवळणं, कधी तात्पुरतं आंधळेपण, हा त्या फिटचाच शेवटचा टप्पा आहे, वेगळा आजार नाही. मेंदू थकलेला असतो. काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत, क्वचित एखादा दिवसही चालतं. या वेळात त्याला मिठीत घेऊ नका, गोंधळलेला कुत्रा मालकालाही चावतो आणि नंतर बिचाऱ्याला काही आठवत नाही. लाइट कमी करा, जिना बंद करा, पोरांना बाजूला घ्या बस.

गोळी सुरू करायची का? माझ्या मते तुमच्याकडे हो. साधारण ठोकताळा असा की सहा महिन्यात दोन किंवा जास्त फिट, किंवा एकाच दिवसात लागोपाठ, किंवा पाच मिनिटांच्या वर चाललेली एक जरी, किंवा नंतरचा गोंधळ दिवस दिवस रेंगाळतोय, तर औषध लावायचं. जास्त करून फेनोबार्बिटोन देतात, दिवसातून दोनदा बारा-बारा तासांनी, चिठ्ठीशिवाय मेडिकलवाला देणार नाही आणि देऊही नये. पहिले एक-दोन आठवडे ब्रूनो झिंगल्यासारखा चालेल, मग ते जातं पण भूक, तहान, लघवी वाढलेली राहते, आणि लॅब्राडोर आधीच खादाड जात, त्यामुळे भाकरी मोजून द्या नाहीतर वर्षभरात पिंप होईल. दोनेक आठवड्यांनी रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासायचं, नंतर दर सहा महिन्यांनी लिव्हर. सगळ्यांनाच एका औषधाने भागत नाही, मग पोटॅशियम ब्रोमाइड किंवा लेव्हेटिरासिटाम जोडतात. ध्येय काय तर फिट कमी होणं, लांबणं, हलकी होणं. "पूर्ण बंद" अशी गॅरंटी कुणी देत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

आणि एक गोष्ट जाड अक्षरात वहीवर लिहा : गोळी मनाने बंद करायची नाही. तीन महिने फिट आली नाही म्हणून आपले लोक गोळी तोडतात, गावी लग्नाला जाताना विसरतात, आणि मग अशी फिट येते की थांबतच नाही. बंद करायची तर डॉक्टर हळूहळू कमी करतात. ब्रूनोची पिल्लं पण काढू नका, मागणी कितीही असू द्या.

प्रश्न : आमचं रावेरकडे केळीचं वावर आहे. शेरू देशी कुत्रा, चार वर्षाचा, वावरातच राहायचा. सकाळी सालदाराने फोन केला की शेरू थरथर कापतोय, लाळ गळतेय, उलटी झाली, मग झटके सुरू झाले. आम्ही जाईपर्यंत सालदाराने मिठाचं पाणी आणि तुपाची वाटी पाजली होती. दवाखान्यात पोचायच्या आत गेला. त्याला आधी कधीच फिट नव्हती. हे अचानक कशाने झालं असेल? — एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, वाचून वाईट वाटलं. आधी कधीच नाही आणि एकदम लाळ, थरथर, उलटी, झटके, तेही वावरातल्या कुत्र्याला, म्हणजे पहिला संशय विषाचाच. आपल्या खान्देशात कापूस आणि केळी, आणि दोन्हीला औषधं भरपूर. कपाशीवर फवारायची बरीच कीटकनाशकं ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातली असतात, केळीच्या बुंध्याला टाकायची काही दाणेदार औषधंही त्यातलीच. नसेचा निरोप पोचला की तो पुसून टाकणारं एक एन्झाइम शरीरात असतं, हे विष त्यालाच बांधून ठेवतं, मग निरोप थांबतच नाही. म्हणून तोंडातून धार लागते, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, छातीत पाणी भरल्यासारखा श्वास, जुलाब, स्नायू फडफडणं, मग झटके. कुत्रा औषध प्यायला जातो असं नाही, फवारणीची बादली चाटतो, औषध मिसळलेल्या डबक्यातलं पाणी पितो, अंगावर उडालेलं चाटून साफ करतो. रानडुकरांसाठी कुणी कणकेत विष घालून बांधावर ठेवलं असेल तर तेही पहिलं आपल्या कुत्र्यालाच सापडतं. तसं विष ठेवणं कायद्याने गुन्हा आहे हे शेजाऱ्याला एकदा चांगल्या शब्दात सांगा.

या विषाला उतारा आहे, ॲट्रोपिन. गुरांच्या डॉक्टरांकडे ते असतंच कारण गुरांनाही हेच होतं. वेळेत मिळालं तर कुत्रे उठतात. म्हणून पुन्हा कधी वेळ आली (येऊ नये) तर कुत्र्याला गाडीत टाकताना औषधाची बाटली किंवा पुडा पण सोबत घ्या, रिकामा का असेना. नावावरून डॉक्टरचा अर्धा तास वाचतो. अंगाला औषध लागलं असेल तर हातात प्लास्टिकची पिशवी घालून साबणाने धुवा, उघड्या हाताने नको, ते माणसाच्या कातडीतूनही आत जातं.

मिठाच्या पाण्याचं स्पष्ट बोलतो, सालदाराला दोष न देता, कारण त्याने जे ऐकलं तेच केलं. जास्त मीठ पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम चढतं आणि नुसत्या त्यानेच झटके येतात. शिवाय झटक्यात असलेल्या प्राण्याला पाजलेलं काहीही फुफ्फुसात जातं. तूप, ताक, दूध, लिंबू, काही म्हणजे काही पाजायचं नाही.

उंदराच्या औषधाचंही इथेच सांगून टाकतो कारण धरणगावहून एका ताईंनी तेच विचारलंय. बाजारात मिळणारी करडी-काळी पावडर, जी पिठात मिसळून ठेवतात, ती झिंक फॉस्फाइड. पोटातल्या ॲसिडमधे गेली की तिचा विषारी वायू होतो, उलटीला लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास येतो, आणि कुत्रा किंचाळत सैरावैरा पळतो, झटके देतो. याला उतारा नाही, फक्त आधार देता येतो. घाबरून कुत्र्याला भाकर खाऊ घातली की ॲसिड वाढतं आणि वायूही वाढतो, म्हणून उपाशीच न्यायचं, आणि गाडीच्या काचा उघड्या ठेवायच्या कारण उलटीतला वायू आपल्यालाही बाधतो. त्याच दुकानातली निळी-हिरवी केकसारखी वडी बहुतेक वेगळ्या गटातली असते, ती रक्त गोठू देत नाही, त्यात दोन-चार दिवसांनी रक्तस्राव होतो, झटके सहसा नाही. म्हणून "उंदराचं औषध खाल्लं" एवढं सांगून भागत नाही, कुठलं ते सांगा.

अजून एक, गोचीड जावी म्हणून गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कुत्र्याला अंदाजे ठोकायची आपल्याकडे फार सवय आहे. बैलाचा डोस आणि कुत्र्याचा डोस यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोली आणि काही मेंढपाळी जातींच्या कुत्र्यांमधे तर हे औषध मेंदूत जाण्यापासून अडवणारी यंत्रणाच जन्मतः अधू असते, त्यांना थोड्या डोसनेही आंधळेपण, लडखडणं, थरथर, फिट, कोमा. डोस चुकला तर देशी कुत्र्यालाही सोडत नाही.

प्रश्न : सर, भुसावळचं ऊन तुम्हाला माहितीच आहे. मे महिन्यात दुपारी लाइट गेली आणि आमच्या पगला धाप लागून लागून फिट आली. त्याला मिरगी झाली का? गोळ्या सुरू करू का? — एक वाचिका, भुसावळ

उत्तर : नाही ताई, हा उष्माघात, मिरगी नाही, पुन्हा तसं झालं नसेल तर रोजच्या गोळीची गरज नाही. कुत्रा घामाने थंड होत नाही, धापा टाकून होतो, आणि पगचं नाक इतकं चपटं की त्याला धापही धड टाकता येत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, ते १०५-१०६ च्या वर गेलं की मेंदू, किडनी, आतडी सगळ्यांवर मार बसतो आणि फिट आली म्हणजे प्रकरण बरंच पुढे गेलेलं असतं. अंगावर साधं पाणी ओतत राहायचं, पंखा नाहीतर पुठ्ठ्याने वारा, आणि १०३ पर्यंत उतरलं की पाणी थांबवून दवाखान्यात. नुसता ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो थोड्या वेळात स्वतःच गरम होतो आणि आतली उष्णता कोंडतो. शुद्धीवर आला, पाणी प्यायला, तरी त्याच दिवशी दाखवा, किडनी आणि रक्त गोठण्याची गडबड एक-दोन दिवसांनी वर येते. आणि जळगाव-भुसावळ पट्ट्यात ४५ डिग्रीत सायबेरियन हस्की पाळणाऱ्यांनी हे उत्तर दोनदा वाचावं, मी काही बोलत नाही.

प्रश्न : रस्त्यावरचं पिल्लू घरी आणलं, तीन-चार महिन्याचं असेल. आधी नाक वाहायचं, डोळ्याला चिपडं, संडास पातळ. औषधाने ते बरं झालं म्हणून आम्ही खुश होतो तर आता पंधरा दिवसांनी जबडा सारखा च्युइंगम चावल्यासारखा हलतो आणि फेस येतो, एक पाय झोपेतही टिकटिक उडतो. कृमी डोक्यात गेले असं एकाने सांगितलं. — एक वाचक, धुळे

उत्तर : कृमींचं नाव खराब करू नका, हा डिस्टेंपर दिसतोय. हा विषाणू आधी नाक-छाती-पोट धरतो, वाटतं बरं झालं, आणि एक ते तीन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, मेंदूतून डोकं वर काढतो. तुम्ही वर्णन केलेली जबड्याची फिट आणि झोपेतही न थांबणारा पायाचा ठेका हे दोन्ही त्याचे जवळपास सहीशिक्के आहेत. नाकाचा शेंडा आणि पंजे कडक, चामड्यासारखे झालेत का बघा, तेही त्यातच होतं.

खोटा दिलासा देत नाही. विषाणू मारणारं औषध नाही. झटक्यांवर औषध देता येतं, खाणं-पिणं सांभाळता येतं, काही पिल्लं जगतात आणि पाय उडण्याची खोड आयुष्यभर घेऊन मजेत राहतात, पण झटके वाढतच गेले, खाणं सुटलं, तर डॉक्टरशी शेवटच्या निर्णयाबद्दल मोकळं बोला. माणसाला हा आजार होत नाही, पण गल्लीतल्या बाकी पिल्लांना होतो, शिंकेतून, थुंकीतून. त्यांना लस द्या. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत. एकच डोस देऊन "लस झाली" म्हणणारे खूप भेटतात, ती झालेली नसते.

एक सावधानता, लस नसलेल्या रस्त्यावरच्या पिल्लाला अशी मेंदूची लक्षणं असतील तर रेबीजही मनातून काढायचा नाही. त्याच्या तोंडात हात घालून गोळी देणं बंद. घरात कुणाला चावलं, ओरखडलं किंवा जखमेवर लाळ लागली असेल तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवून त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनचा कोर्स सुरू करा. पिल्लू बरं होतंय का बघू मग जाऊ, असं करू नका. रेबीजची लक्षणं माणसात दिसायला लागली की पुढे हातात काही राहत नाही.

प्रश्न : आमच्या पॉमेरेनियनने पाच पिल्लं दिली, तीन आठवडे झाले. काल संध्याकाळपासून अस्वस्थ, धापा, पाय काठीसारखे ताठ, थरथर, अंग तापलेलं. फिट आहे का? डिलिव्हरीच्या आधीपासून मी तिला रोज कॅल्शियमचं टॉनिक देत होते तरी असं का? — एक वाचिका, चाळीसगाव

उत्तर : ताई, हे पत्र छापून येईपर्यंत थांबता येत नाही म्हणून तुम्हाला फोनवरच सांगून झालंय आणि ती आता ठीक आहे हे कळलं, बाकीच्यांसाठी लिहितो. लहान जातीची आई, पिल्लं जास्त, दूध भरात, आणि दोन-चार आठवड्यांच्या आसपास असं झालं की रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं असतं. खऱ्या मिरगीत कुत्रा बेशुद्ध होतो, इथे बहुतेक वेळा ती शुद्धीत असते, तुमच्याकडे बघते, पण अंग ऐकत नाही. वेळ गेली तर मात्र पूर्ण झटके येतात आणि जीवही जातो. शिरेतून कॅल्शियम, तेही अगदी सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत द्यावं लागतं, म्हणून घरी इंजेक्शन देणारा कंपाउंडर बोलावू नका. पिल्लांना एक दिवस तरी आईपासून लांब ठेवून बाहेरचं दूध द्या.

आणि टॉनिक देऊनही का, तर टॉनिक दिल्यामुळेच कदाचित. गाभण असताना बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळालं की हाडातून कॅल्शियम काढणारी शरीराची यंत्रणा सुस्तावते, आणि दूध सुरू झाल्यावर एकदम मागणी आली की ती वेळेत जागी होत नाही. गाभणपणात चांगला आहार पुरे, कॅल्शियम दूध सुरू झाल्यावर आणि डॉक्टरला विचारून.

याच पॉमेरेनियन, चिवावा वगैरे छोट्या जातींचं दुसरं दुखणं म्हणजे चाळीस-पंचेचाळीस दिवसाचं पिल्लू आईपासून तोडून विकतात आणि रात्रभर उपाशी राहिलं की सकाळी थरथरून आडवं पडतं. साखर उतरलेली असते. शुद्धीत असेल तर हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी बोटाने चोळा आणि दवाखाना गाठा, पुढे दिवसातून चार-पाच वेळा खायला द्या. पुन्हा पुन्हा होत असेल, वाढ खुंटलीय, जेवल्यावर तासाभरात बधिर होतं, तर लिव्हरची तपासणी करून घ्या. काही पिल्लांमधे आतड्याकडचं रक्त जन्मतःच लिव्हरला वळसा घालून जातं, मग न गाळलेला अमोनिया मेंदूत पोचतो आणि झटके येतात. आणि शुगरफ्री च्युइंगम, शुगरफ्री मिठाई घरात असेल तर कुत्र्यापासून लांब. त्यातल्या झायलिटॉलने कुत्र्याची साखर अर्ध्या-एक तासात धाडकन पडते, माणसाला काही होत नाही म्हणून कुणाच्या डोक्यातच येत नाही.

प्रश्न : फिट आल्यावर कांदा फोडून नाकाला लावला, चप्पल हुंगवली, दातखीळ बसली म्हणून चमचा घातला तर बोटाला चावला. बरोबर केलं ना? — एक वाचक, शहादा

उत्तर : चावला ते बरोबर केलं, त्याचा काही दोष नाही! कुत्र्याची जीभ घशात जाऊन अडकत नाही, तोंडात काही घालायचं नाही, चमचा नाही, पाणी नाही, हात तर नाहीच. फिट आपसूक थांबायची असते तेव्हा थांबते, त्या क्षणी जे नाकाला लावलेलं असेल त्याला श्रेय मिळतं, मग तो कांदा असो की कोल्हापुरी. तुम्ही करायचं ते असं की आजूबाजूचं फर्निचर सरकवा, डोक्याखाली पोतं सारा, मोबाइलचा व्हिडिओ आणि घड्याळ दोन्ही चालू करा. पाच मिनिटं ओलांडली किंवा चोवीस तासात दुसरी आली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरला उठवा. बोटाचं काय ते वर धुळ्याच्या उत्तरात वाचा, लस दिलेला कुत्रा असला तरी डॉक्टरला दाखवा.

प्रश्न : आमचा टायगर बारा वर्षाचा, जर्मन शेफर्ड. आयुष्यात फिट नाही आणि गेल्या महिन्यात दोनदा पडला. मुंबईला नेऊन एमआरआय करायला सांगतात. खर्च मोठा आहे, या वयात करावा का? — एक वाचक, पारोळा

उत्तर : आधी पडला म्हणजे नक्की काय ते बघू. फाटकाकडे भुंकत पळाला आणि मधेच लुळा पडून काही सेकंदात उठून नॉर्मल चालायला लागला, तर ती बेशुद्धी हृदयाची असू शकते, मेंदूची नाही. डोकं एका बाजूला वाकडं, डोळे सारखे सरकतायत, दारू प्यायल्यासारखा एकीकडे झुकतो, तर कानातला तोल बिघडलेला, म्हाताऱ्या कुत्र्यात खूप दिसतं, दिसायला भयानक पण कित्येकदा दोन-तीन आठवड्यात आपोआप सुधारतं. ताठ होणं, पाय मारणं, लघवी, नंतर गोंधळ, हे असेल तरच फिट. दोन्ही वेळचा व्हिडिओ नसेल तर पुढच्या वेळी घ्या, डॉक्टरला दहा मिनिटं समजावण्यापेक्षा वीस सेकंदाचा व्हिडिओ जास्त सांगतो.

फिटच असेल तर बारा वर्षात पहिल्यांदा येणारी फिट आनुवंशिक मिरगीची असण्याची शक्यता कमी. या वयात मेंदूतली गाठ, मेंदूतला रक्तस्राव किंवा अडथळा, किडनी, लिव्हर, स्वादुपिंडातल्या गाठीमुळे उतरलेली साखर, ब्लडप्रेशर, असं काहीतरी निघतं. यातलं बरंचसं साध्या रक्त-लघवीत, उपाशीपोटीच्या साखरेत, बीपीत आणि पोटाच्या सोनोग्राफीत कळतं, आणि ते जळगाव-धुळ्यात होतं. तिथूनच सुरू करा, थेट मुंबईहून नाही.

एमआरआयचा प्रश्न शेवटी असा आहे की गाठ दिसली तर तुम्ही ऑपरेशन किंवा रेडिएशन करणार आहात का. करणार असाल, परवडत असेल, भूल सोसेल इतकं हृदय-किडनी ठीक असेल, तर जरूर करा, मनाला निश्चिती मिळते ती वेगळी. करणार नसाल तर तोच पैसा फिटच्या औषधात, सूज कमी करणाऱ्या औषधात आणि टायगरच्या खाण्यात घाला, त्याने काही महिने, कधी त्याहून जास्त काळ चांगला जातो. एमआरआय न करणारा मालक वाईट मालक असतो असं कुणी सुचवलं तर माझं नाव सांगा. पहिल्या दोन महिन्यात दर पंधरा दिवसांनी वजन, चाल, डोळ्यासमोर बोट आणल्यावर पापणी लवते का आणि तो एकाच दिशेने गोल फिरतो का, एवढं लिहून ठेवा आणि रिपोर्टसोबत पाठवा, मग पुढच्या अंकात न थांबता उत्तर देईन.